वाचकांचे प्रश्न : आजोबांनी तो सामना नेमका कुठून पाहिला?

प्रश्न : माझे आजोबा १९८३ साली परळच्या एका चाळीत राहत होते. क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चाळीतल्या एकमेव टीव्हीवर पन्नास जणांनी मिळून पाहिला, ही हकिकत ते आम्हाला नेहमी सांगतात. त्याच टीव्हीवर आपण कपिल देव यांची झिंबाब्वेविरुद्धची नाबाद १७५ धावांची खेळीही पाहिली, असेही ते ठामपणे म्हणतात. त्या खेळीचे चित्रण कुठेच उपलब्ध नाही, असे मी अलीकडे वाचले आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. आजोबा खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत. मग हे कसे झाले असेल? आणि दहा बाय बाराच्या खोलीत पन्नास माणसे मावतात तरी कशी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी तुमच्या घरातील वादाचा निकाल लावतो. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे झालेला भारत विरुद्ध झिंबाब्वे हा सामना टीव्हीवर कोणालाही दिसला नाही, कारण त्या मैदानावर चित्रणासाठी कॅमेरेच नव्हते. बीबीसीत त्या दिवशी संप होता, असे त्याचे कारण सर्रास सांगितले जाते. ते काहीही असले, तरी १७ धावांत ५ गडी गमावलेल्या संघाला ८ बाद २६६ पर्यंत नेणारी, १६ चौकार आणि ६ षटकारांची ती खेळी मैदानावर प्रत्यक्ष हजर असलेल्यांनीच काय ती पाहिली. तेव्हा आजोबांनी ती पाहिलेली नाही, हे नक्की. परंतु ते खोटे बोलत नाहीत, याविषयी माझीही तुमच्याइतकीच खात्री आहे, आणि ती का आहे हे सांगण्यासाठी मला थोडे सविस्तर लिहावे लागेल.

मी त्या वर्षी नववीत होतो आणि आमचे बिऱ्हाड लालबागच्या एका तीनमजली चाळीत होते. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीला सुरू झाले, म्हणजे तोवर टीव्ही या शहरात येऊन दहा वर्षे उलटली होती. तरीही आमच्या मजल्यावरच्या सोळा खोल्यांपैकी एकाच खोलीत तो होता. तो घेण्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागत, शिवाय वर्षाचा परवाना काढून त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, आणि तो काळ तर गिरणगावासाठी फारच वाईट होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप मिटला नव्हता. आमच्या चाळीतल्या निम्म्याहून अधिक घरांत सतरा महिने पगार आला नव्हता, भांडी गहाण पडली होती, काही बिऱ्हाडे गावी कोकणात परतली होती. ज्यांच्याकडे टीव्ही होता ते काका बँकेत नोकरीला होते आणि त्यांनी तो हप्त्यांवर घेतला होता. लाकडी कपाटासारखा, पुढे सरकती दारे असलेला, कृष्णधवल चित्राचा तो संच होता. रंगीत प्रक्षेपण आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, सुरू झाले होते, पण रंगीत संच आमच्यापैकी कोणी जवळून पाहिलाही नव्हता.

त्या स्पर्धेकडून कोणाला काही अपेक्षा होती, असे आज जे सांगतात त्यांच्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. १९७५ आणि १९७९ या दोन विश्वचषकांत मिळून भारताने एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. साखळीतल्या पहिल्याच सामन्यात आपण वेस्ट इंडिजला ३४ धावांनी हरवले, तेव्हाही मोठी माणसे म्हणाली की पोरांनो, एखादा दिवस असा येतो. खरी खळबळ उडाली ती २२ जूनच्या उपांत्य सामन्यानंतर. मँचेस्टरला इंग्लंडविरुद्ध यशपाल शर्मा यांनी ६१ धावा केल्या आणि आपल्या शिवाजी पार्कच्या संदीप पाटील यांनी ३२ चेंडूंत नाबाद ५१ धावा फटकावल्या. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून शाळेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी शनिवार हा एकच वार होता.

शनिवारी, २५ जूनला, लंडनच्या लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजविरुद्धचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे दुपार कलली होती, कारण उन्हाळ्यात इंग्लंडची घड्याळे आपल्या साडेचार तास मागे असतात. काकांच्या बँकेला शनिवारी अर्धा दिवस असे, पण ते घरी एका नातेवाइकांना घेऊन उशिरा आले आणि तोवर त्यांची खोली बंदच होती. त्यामुळे भारताचा डाव आम्ही जिन्यात ठेवलेल्या ट्रान्झिस्टरवर ऐकला. आवाज मध्येच लाटेसारखा यायचा आणि विरून जायचा. श्रीकांत यांच्या ३८ धावा, ज्या त्या संपूर्ण सामन्यातल्या सर्वाधिक ठरल्या, मी केवळ कानांनी अनुभवल्या. ५४.४ षटकांत १८३ धावांवर डाव संपला, तेव्हा जिन्यातले निम्मे लोक उठून जेवायला गेले. साठ षटकांच्या सामन्यात लॉइड, रिचर्ड्स, ग्रीनिज आणि हेन्स यांच्यापुढे १८३ म्हणजे काहीच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होते.

आता तुमच्या खोलीच्या प्रश्नाकडे येतो. पन्नास माणसे खोलीत मावत नाहीत. आमच्याकडे संच खोलीच्या मागच्या भिंतीशी, दाराकडे तोंड करून ठेवला होता. समोर सतरंजीवर मुले, त्यांच्या मागे पाटांवर आणि स्टुलांवर बाप्ये, कॉटवर वयस्कर मंडळी, अशी वीस-बावीस माणसे आत होती. उरलेली सगळी गॅलरीत होती. दारातून आणि खिडकीच्या गजांमधून डोकी एकावर एक आलेली, काही जण लोखंडी कठड्याला पाठ टेकून उभे, आणि त्यांच्याही मागे जिन्याच्या पायऱ्यांवर अशी मुले, ज्यांना पडदा मुळीच दिसत नव्हता. माझी जागा खिडकीच्या उजव्या गजाशी होती. तिथून मला पडद्याचा डावीकडचा अर्धा भाग दिसे. उजवा भाग एका मामांच्या खांद्याआड होता. गोलंदाज धावत येताना दिसे आणि चेंडू खांद्यामागे गेला की त्याचे पुढे काय झाले ते आतल्या ओरडण्यावरून कळे. कृष्णधवल पडद्यावर लाल चेंडू म्हणजे एक काळा ठिपका, आणि त्यातही वारा सुटून गच्चीवरची अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या येत. मग एक मुलगा गच्चीवर धावे, एक जिन्याच्या वळणावर उभा राहे, आणि "दिसतंय का?", "थांब, थांब, आता आलं" असे निरोप वरखाली होत. अँटेनाचे तोंड वरळीकडे वळवून धरणाऱ्या त्या मुलाला सामना दिसणे शक्यच नव्हते. तो मुलगा पुढे आयुष्यभर आपण तो सामना पाहिल्याचे सांगत आला, आणि मला त्यात काहीही गैर वाटत नाही.

पडदा न दिसणाऱ्यांसाठी दिसणारे सांगत होते. दारातला माणूस गॅलरीला सांगे, गॅलरीतला जिन्याला, आणि जिन्यावरचा खाली चौकात उभे असलेल्यांना. धावसंख्या प्रत्येक क्षणी पडद्यावर लिहिलेली असण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून एक गृहस्थ कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने धावा आणि बळी लिहीत बसले होते आणि दर षटकाला मोठ्याने वाचून दाखवत. बलविंदरसिंग संधू यांनी ग्रीनिज यांचा त्रिफळा उडवला, त्या चेंडूवर फलंदाजाने बॅट वर उचलून चेंडू सोडून दिला होता, हे मला आज स्वच्छ दिसते. पण मी विचार करतो, तेव्हा ते मला त्या रात्री दिसले असणे अशक्य आहे. तो भाग खांद्याआड होता. मला आठवते ती आतून आलेली आरोळी. चेंडू दिसतो तो नंतर कित्येकदा पाहिलेल्या चित्रणातला. आरोळी त्या रात्रीची आणि चित्र नंतरचे, आणि ही दोन्ही माझ्या मनात अशी सांधली गेली आहेत की जोड कुठे आहे तो मला स्वतःला बोटाने दाखवता येत नाही.

रिचर्ड्स यांच्या झेलाचेही तेच आहे. त्यांनी २८ चेंडूंत ३३ धावा केल्या होत्या आणि आमची गॅलरी निम्मी रिकामी झाली होती. मग मदनलाल यांच्या चेंडूवर त्यांनी मिडविकेटकडे उंच फटका मारला आणि कपिल देव पाठीमागे धावत जाऊन, चेंडू खांद्यावरून खाली येत असताना, तो झेलून मोकळे झाले. ३ बाद ५७. त्या झेलाचे पळणे मी खरोखर पाहिले, कारण मामा नेमके पाणी प्यायला वाकले होते. हे मला इतके नक्की आठवते, कारण मामांनी नंतर मला बरेच दिवस विचारले की तो झेल कसा होता, सांग पाहू. रिकामी झालेली गॅलरी पाच मिनिटांत पुन्हा भरली. ६६ धावांवर आणखी दोन गडी गेले, ७६ वर सहावा गेला. त्यानंतर दुजाँ आणि मार्शल यांनी ११९ पर्यंत जी भागी केली, तेवढा वेळ मला उरलेल्या सगळ्या सामन्यापेक्षा मोठा वाटतो. त्या वेळात कोणी बोलले नाही. मोहिंदर अमरनाथ यांनी ते दोघेही बाद केले आणि शेवटी होल्डिंग यांना पायचीत केले, तेव्हा १४० धावा झाल्या होत्या आणि आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती. खेळाडू स्टंप उपटून पळत सुटलेले पाहायला पडद्यासमोर कोणी थांबलेच नाही. सगळे चौकात उतरले होते. दिवाळीतले उरलेले, सर्दावलेले फटाके कोणी तरी माळ्यावरून काढून आणले. त्यातले अर्धे वाजले नाहीत.

तर तुमच्या आजोबांविषयी. टनब्रिज वेल्सचा सामना १८ जूनला झाला आणि अंतिम सामना २५ जूनला, दोन्ही शनिवार. पहिल्या शनिवारची हकिकत त्यांना रात्रीच्या बातम्यांतून आणि रविवारच्या वर्तमानपत्रातून कळली असणार, आणि ती त्यांनी चाळीत दहा जणांच्या तोंडून, प्रत्येक षटकाराच्या हातवाऱ्यांसह ऐकली असणार. आठवडाभराने त्याच माणसांच्या गर्दीत त्यांनी कपिल देव यांना पडद्यावर पाहिले. पुढे चाळीस वर्षांत त्या खेळीचे वर्णन किती वेळा त्यांच्या कानांवर आणि वाचनात आले असेल, याची गणती नाही. २०२१ साली तर एका हिंदी चित्रपटात ती अभिनेत्यांनी साकारून दाखवली. ऐकलेली खेळी आणि पाहिलेला माणूस एकत्र येऊन "मी पाहिली" ही आठवण तयार झाली, असे मला वाटते. जिथे निम्म्या माणसांनी सामना दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच पाहिला, तिथे ऐकणे आणि पाहणे यांत आजच्यासारखी पक्की भिंत नव्हती. आजोबांशी वाद घालू नका. चित्रण नाही, एवढे एकदा प्रेमाने सांगा आणि मग त्यांना विचारा की १७ धावांत ५ बाद झाल्याची बातमी त्यांना कोणी सांगितली. मला खात्री आहे की ते एखाद्या माणसाचे नाव घेतील, आणि ती आठवण अस्सल असेल.

प्रश्न : ८३च्या सामन्याच्या आठवणी सांगणारे सगळे म्हणतात की शेजाऱ्यांकडे टीव्ही होता. आमच्याकडे तो होता. गिरगावात आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्या रात्री आमच्या घरात किती माणसे येऊन गेली याची मोजदाद नाही. माझी आई आता ८१ वर्षांची आहे. परवा ती म्हणाली, "सगळ्यांना मॅच आठवते, मला फक्त चपला आठवतात." तिला सामन्यातले एकही षटक पाहता आले नव्हते. त्या रात्रीची तिची आठवण कोणाला असेल का, असे तिने विचारले आणि मला काही उत्तर देता आले नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की निदान मला तरी आहे.

तुमचे पत्र येईपर्यंत मी वरचे उत्तर लिहून ठेवले होते आणि त्यात आमच्या चाळीतल्या मावशींचा, म्हणजे त्या बँकेतल्या काकांच्या पत्नीचा, एकदाही उल्लेख नव्हता. मी ते तसेच राहू दिले आहे, कारण ही चूक माझ्या एकट्याची नाही आणि ती दिसायला हवी. मावशी स्वयंपाकाच्या भागात, संचाच्या अगदी मागे, भिंतीच्या पलीकडे होत्या. पडदा जिकडे तोंड करून होता, त्याच्या बरोबर उलट बाजूला. त्यांनी दोनदा मोठ्या पातेल्यात चहा केला. दूध पुरणार नाही म्हणून दुसऱ्या खेपेला शेजारच्या चार घरांतून वाट्या-वाट्यांनी दूध गोळा झाले, एवढे मला आठवते, कारण त्यातली एक वाटी आमच्या घरची होती आणि ती मी नेऊन दिली होती. संपाच्या त्या दिवसांत साखर मात्र त्यांनी कोणाकडे मागितली नाही. त्यांची मुलगी दहावीला होती आणि ती त्या रात्री पुस्तके घेऊन आमच्या घरी अभ्यासाला बसली होती.

सामना संपल्यावर लोक खाली चौकात नाचत होते, तेव्हा मावशी गॅलरी झाडत होत्या. चाळीत पाणी पहाटे चारला येई. म्हणजे त्यांना फार तर तीन तासांची झोप मिळाली असणार, आणि त्यानंतर रोजच्यासारखे पिंप आणि हंडे भरायचे होते. हे माझ्या ध्यानात आले ते मी स्वतः संसाराला लागल्यावर, म्हणजे फार उशिरा.

आठवणी सांगताना एकच टीव्ही असलेले घर सर्वांसाठी सदैव उघडे असे, असे आपण लिहितो. ते खरे नाही. रविवारच्या हिंदी चित्रपटाला मावशी कधी कधी दार लावून घेत आणि आम्ही मुले त्यांच्याविषयी बाहेर वाईट बोलत असू. काही चाळींत चार-आठ आणे घेऊन आत बसवत असत आणि त्याबद्दलही लोक नावे ठेवत. आता मला वाटते की ज्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठवड्यातून तीन-चार वेळा परकी माणसे कॉटवर बसत होती, त्या बाईने एखाद्या रविवारी दार लावले, तर तिला बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. २५ जूनला त्यांनी दार लावले नाही. तुमच्या आईंनीही लावले नाही. त्या रात्री गिरगाव, लालबाग, परळ, नायगाव, दादर या भागांत ज्यांनी सामना पाहिला, त्यांतल्या बहुतेकांना तो अशा एखाद्या घरातल्या बाईने दार उघडे ठेवल्यामुळेच पाहता आला, आणि सामन्याच्या आठवणींत तिचे नाव कपिल देव आणि अमरनाथ यांच्या शेजारी यायला हवे, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

तुमच्या आईंच्या चपलांबद्दल त्यांना अधिक विचारा. आमच्याकडे जिन्यापासून दारापर्यंत चपलांची रांग होती आणि सकाळी तीन जोड तसेच उरले होते, कारण लोक अनवाणीच खाली पळाले होते. तुमच्याकडे किती उरले होते?

प्रश्न : आमच्या शाळेत "टीव्ही नसतानाचे खेळ पाहणे" या विषयावर प्रकल्प आहे. मला आमच्या सोसायटीतल्या आजी-आजोबांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. कोणते प्रश्न विचारावेत?
— इयत्ता आठवीतील एक वाचक, मुलुंड

उत्तर : बाळा, सामन्यात काय झाले हे त्यांना विचारू नकोस. धावा आणि बळी तुला कोणत्याही पुस्तकात मिळतील, आणि तो प्रश्न विचारला की माणसे नंतर वाचलेलेच सांगू लागतात. त्याऐवजी विचार की तुम्ही कुठे बसला होतात किंवा उभे होतात, पडदा किती दिसत होता, शेजारी कोण होते, टीव्ही कोणाचा होता, त्या घरात तुम्ही एरवी जात होतात का, दिवे गेले होते का, घरी परतलात तेव्हा कोण जागे होते. आजींना स्वतंत्रपणे, आजोबा जवळ नसताना विचार. नाहीतर उत्तर आजोबाच देतील. रेडिओवर सामना ऐकणाऱ्यांनाही वगळू नकोस. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या तेव्हा मुंबईत दूरदर्शन आलेच नव्हते, आणि तो आनंद ज्यांनी ट्रान्झिस्टरला कान लावून घेतला ते आज पंच्याहत्तरी ओलांडलेले आहेत, म्हणून त्यांच्याकडे आधी जा.

दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही तसेच लिहून ठेव आणि खाली कोण कुठे बसले होते ते नोंदव. कागदावर त्या खोलीचा एक साधा नकाशा काढून घे, त्यात टीव्ही, दार, खिडकी, कॉट आणि मोरी दाखव, आणि आजींना त्यांची जागा स्वतःच्या हाताने खुणावू दे.